इसबाचे निदान झाल्यावर: डॉक्टरांच्या औषधांच्या जोडीने नैसर्गिक उपचार कसे करावेत

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिच्या दोन्ही गालांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले. दात येत असावेत, लाळेमुळे होत असेल, असे म्हणत आम्ही पहिले दोन महिने घालवले. वर्षाच्या आत चट्टे कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत उतरले. रात्री दोन-अडीचच्या सुमारास नखांचा कातडीवर होणारा खर्रखर्र आवाज आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर दिसणारे रक्ताचे बारीक ठिपके हे आमच्या नाशिकच्या घरात रोजचेच झाले होते. आज ती अकरा वर्षांची आहे. तिची त्वचा अजूनही कोरडी आहे आणि थंडीत तिला जपावे लागते, पण ती रात्रभर शांत झोपते.

ज्यांच्या केसपेपरवर 'डर्मटायटिस', म्हणजे इसब, हा शब्द नुकताच लिहून आला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. नैसर्गिक उपचारांवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच त्यांची मर्यादा स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. हे उपचार डॉक्टरांच्या औषधांच्या जोडीने करावेत, एका वेळी एकच करावा आणि तो आधी त्वचेच्या लहानशा भागावर तपासून घ्यावा. हा क्रम आम्हाला फार उशिरा कळला.

१. आधी रोगाचे नाव निश्चित करून घ्या

डर्मटायटिस म्हणजे त्वचेचा दाह. हा एकच रोग नसून त्याचे अनेक प्रकार आहेत. आपल्याकडे खाज सुटणाऱ्या प्रत्येक चट्ट्याला कोणी इसब म्हणते, कोणी गजकर्ण, तर कोणी खरूज, आणि उपचारांची पहिली चूक या नावांच्या घोळातूनच होते. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे. त्याची कड उठावदार असते, मधला भाग त्या मानाने स्वच्छ दिसतो आणि गोल हळूहळू मोठा होत जातो. खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते. तिची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या येतात आणि बहुधा घरातील इतरांनाही खाज सुटलेली असते. इसब मात्र संसर्गजन्य नाही. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही, हे शाळेतील शिक्षकांना आणि शेजाऱ्यांना स्पष्टपणे सांगण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली.

इसबातही फरक आहे. माझ्या मुलीला झाला तो अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. तो बहुतेकदा आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांत सुरू होतो आणि अशा मुलांच्या घरात दमा, सतत शिंका किंवा ॲलर्जी यांचा इतिहास पुष्कळदा आढळतो. टाळूवर, भुवयांत आणि नाकाच्या कडांना तेलकट, पिवळसर खपल्या धरत असतील, तर तो सेबोऱ्हिक प्रकार असू शकतो. कोंडा हे त्याचेच सौम्य रूप आहे.

तिसरा मोठा प्रकार म्हणजे स्पर्शाने होणारा इसब. चट्टा कुठे आहे यावरून त्याचे कारण अनेकदा ओळखता येते. कानाच्या पाळीवर, मनगटावर किंवा पँटच्या बटणाखाली बेंबीजवळ चट्टा असेल, तर खोट्या दागिन्यांतील वा बटणातील निकेलचा संशय घ्यावा. नेमका टिकलीच्या जागी असेल तर टिकलीच्या गोंदाचा, आणि कपाळाच्या कडेला व कानांमागे असेल तर केसांच्या कलपाचा विचार करावा. शेतात किंवा मोकळ्या माळाजवळ राहणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान आणि कोपरांची लवण एकाच वेळी धरली असेल, तर गाजरगवताची आठवण ठेवावी. हे गवत भारतात १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात लक्षात आले आणि आज महाराष्ट्रातील एकही रस्ता त्याच्यावाचून राहिलेला नाही. त्याचे कण हवेतून उघड्या त्वचेवर बसतात, त्यामुळे ते हाताने उपटणाऱ्यालाच त्रास होतो असे नाही.

कारण लक्षात येत नसेल तर डॉक्टर पॅच टेस्ट सुचवतात. तिच्यात संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर त्या दिवशी व त्यानंतर आणखी एक-दोन दिवसांनी त्वचेवरील फरक वाचतात. तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही आणि घाम येऊन चालत नाही, म्हणून शक्य असल्यास ही चाचणी उन्हाळ्यात ठेवू नये.

२. डॉक्टरांकडे जाताना काय सोबत न्यावे

त्वचारोगतज्ज्ञाच्या ओपीडीत तुम्हाला फार वेळ मिळणार नाही, हे गृहीत धरूनच तयारी करा. पुढील गोष्टी एका पिशवीत ठेवा.

- आतापर्यंतच्या सर्व चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद, तारखेप्रमाणे लावलेले.
- वापरलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब वा डबी, रिकामी असली तरीही. 'पांढरी ट्यूब, हिरवे झाकण' या वर्णनावरून कोणालाही काही कळत नाही.
- चट्टे सर्वाधिक वाढलेले असताना दिवसाउजेडी काढलेले फोटो. भेटीच्या दिवशी त्वचा नेमकी शांत असते, हा बहुतेकांचा अनुभव आहे.
- साबण, शाम्पू, तेल, कपडे धुण्याची पावडर आणि पावडर-अत्तरे यांची यादी.
- घेतलेल्या आयुर्वेदिक, होमिओपॅथिक वा घरगुती औषधांची यादी. रागावतील म्हणून हे लपवू नका.
- लहान मूल असेल तर वजनाची नोंद आणि लसीकरणाचे कार्ड.
- आई-वडिलांपैकी कोणाला दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा इसब आहे काय, याची माहिती.

सर्वांत मोठा सापळा दवाखान्यात नसून औषधांच्या दुकानात आहे. मुलीच्या चौदाव्या महिन्यात आम्ही एका दुकानातून चिठ्ठीवाचून एक मलम आणले. त्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र होते. तीन दिवसांत गाल गुळगुळीत झाले आणि आम्हाला वाटले, औषध सापडले. चार महिन्यांनी गालांवरची कातडी पातळ होऊन तिच्यातून लाल शिरा दिसू लागल्या आणि मलम एक दिवस चुकले तरी चेहरा आधीपेक्षा जास्त पेटत असे. स्टिरॉइडच्या अशा वापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात. बुरशीच्या चट्ट्यावर असे मलम लावले, तर वरून लाली कमी होते आणि आत बुरशी पसरत राहते.

याचा अर्थ स्टिरॉइड हे विष आहे असा मुळीच नाही. योग्य ताकदीचे मलम, योग्य जागी, सांगितलेले दिवस लावले, तर ते भडकलेला दाह लवकर आणि सुरक्षितपणे उतरवते. भीतीपोटी ते अगदी कणभर आणि आठवड्यातून एकदाच लावणे, ही आमची दुसरी चूक होती. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. हे माप डॉक्टरांना विचारून घ्या आणि चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

३. त्वचेची भिंत समजून घ्या

हे एकदा समजले की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ आपोआप लागतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. इसबात ही भिंत भेगाळते, त्यामुळे आतील पाणी उडून जाते आणि बाहेरील साबण, धूळ, जंतू आत शिरतात. ही भिंत मजबूत करणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात काही रुग्णांमध्ये दोष असतो, हे स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. 'रक्त खराब आहे, ते शुद्ध करायला हवे' असे सांगत आमच्याकडून दोन वर्षे कडू काढे पाजून घेणाऱ्यांना मी आता हेच सांगते, की दुरुस्ती भिंतीची करायची आहे आणि ती रोज करायची आहे.

४. आंघोळ आणि लगेच स्निग्धता: रोजची घडी बसवा

आमच्या घरात सर्वाधिक फरक याच पायरीने पडला, म्हणून ती सविस्तर लिहिते.

पाणी कोमट असावे. कोपर बुडवल्यावर ना गरम ना गार वाटेल इतके ते असावे. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते आणि अर्ध्या तासाने दुप्पट होते. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, त्यामुळे तो भिंतीतील चुना धुऊन काढतो. म्हणून सुगंध नसलेला, साबणविरहित क्लेन्झर वापरावा आणि तोही बगल, जांघ, पाय अशा गरजेच्या जागी. उरलेल्या अंगाला नुसते पाणी पुरते.

अंग घासून पुसू नये. सुती पंचा नुसता टेकवून पाणी टिपावे आणि त्वचा अजून ओलसर असतानाच, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, साधे स्निग्ध मलम (ओलावा धरून ठेवणारे, स्टिरॉइड नसलेले) लावावे. आम्ही न्हाणीघराच्या आतच एका फळीवर मलमाची डबी ठेवली आहे. बाहेरच्या खोलीत ठेवली, तर टॉवेल, कपडे, शाळेची घाई यांत तीन मिनिटांची पंधरा मिनिटे होतात. डबीत थेट बोटे घालू नका. एक स्वच्छ कोरडा चमचा त्याच कामासाठी ठेवा, नाहीतर नखांतील जंतू डबीत जाऊन तेच पुन्हा अंगावर येतात. मलम चोळू नये, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवून पसरावे, म्हणजे केसांच्या मुळाशी पुळ्या येत नाहीत.

मलम किती लागते, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध मलम लागू शकते. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्याला फरक दिसत नाही, याचे हे साधे कारण आहे. महागड्या मलमाची गरज नाही. सुगंध नसलेली साधी पेट्रोलियम जेली किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन यांचे मिश्रण स्वस्त पडते आणि त्याची ॲलर्जी क्वचितच होते.

एक सावधगिरी मात्र घ्या. मलम किंवा तेल मुरलेले कपडे व चादरी चटकन पेट घेतात आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ साली याबाबत इशारा दिला होता. मलम लावलेल्या मुलाला गॅस, समई, उदबत्ती आणि दिवाळीच्या पणत्या यांच्यापासून दूर ठेवा.

दिवाळीचे निघालेच आहे, तर उटण्याबद्दलही सांगते. इसब असलेल्या त्वचेवर उटणे किंवा डाळीचे पीठ घासणे म्हणजे भेगाळलेल्या भिंतीवर खरखरीत कागद फिरवणे होय. अभ्यंगस्नान जरूर घाला, उटण्याचे बोट शकुनापुरते तळव्याला लावा आणि अंगाला फक्त तेल वापरा.

५. तेल निवडताना

माझे माहेर रत्नागिरीकडचे. आजी ओल्या खोबऱ्याचे दूध काढून, ते मंद आचेवर आटवून तेल काढत असे आणि तेच नातवंडांच्या अंगाला लावत असे. नैसर्गिक उपचारांत ज्याला बऱ्यापैकी आधार आहे, असे हेच तेल आहे. फिलिपीन्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम अ‍ॅटोपिक इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे खोबरेल किंवा खनिज तेल लावण्यात आले, आणि खोबरेल लावलेल्या गटात सुधारणा अधिक दिसली. तेल कमी आचेवर वा घाण्यावर काढलेले, वास न मिसळलेले असावे. केसांना लावायच्या बाटलीतल्या 'खोबरेल तेला'त अनेकदा सुगंध असतो, म्हणून लेबल वाचा.

ऑलिव्ह तेल मात्र टाळा. महागामोलाचे आणि नैसर्गिक म्हणून आम्ही ते बाळाला वर्षभर लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर प्रौढांच्या निरोगी त्वचेचीही भिंत कमजोर झाल्याचे आढळले, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती टिकून राहिली. मोहरीचे तेलही इसबावर नको. आणि सेबोऱ्हिक प्रकार असेल, तर टाळूला रात्रभर तेल थापून ठेवण्याची आपली सवय उलट अंगाशी येते, कारण त्या रोगात भाग घेणारी बुरशी तेलातील घटकांवरच वाढते.

६. घरगुती औषध लावण्यापूर्वी

'झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य मी ज्या दिवशी ऐकले, त्याच दिवशी त्याचे उत्तरही पाहिले. आमच्या नात्यातील एका आजोबांच्या घोट्याला जुना इसब होता आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी त्यावर बिब्ब्याचे तेल लावले. दुसऱ्या दिवशी घोट्यापासून पोटरीपर्यंत लिंबाएवढे पाण्याचे फोड आले होते आणि जखम भरायला दीड महिना लागला. बिब्ब्याचा रस इतका दाहक असतो, की परीट कपड्यांवर खुणा करायला तो वापरत, आणि त्या खुणेखालच्या कातडीवर चट्टे येत. आंबा आणि काजू ही बिब्ब्याच्याच कुळातील झाडे आहेत. कोकणात आंब्याच्या देठाचा चीक ओठांना लागून फोड येतात किंवा काजूच्या टरफलातील तेलाने हात भाजतात, ते त्यामुळेच. इसबावर ठेचलेली लसूण बांधण्याचा उपायही असाच भाजणारा आहे.

कडुनिंब आणि हळद त्या मानाने सौम्य असली, तरी दोन्हींची स्पर्श-ॲलर्जी होऊ शकते. कोरफड वापरायची असेल, तर पान कापून देठाकडून उभे ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळून जाऊ द्या आणि मगच आतील पारदर्शक गर घ्या, कारण दाह करतो तो हा चीक. ओट्सला खरोखरच आधार आहे. बारीक दळलेले ओट्स त्वचेचे संरक्षण करतात, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली मान्य केले. साधे, मसाला नसलेले ओट्स मिक्सरमध्ये इतके बारीक करा, की चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधासारखे होईल. अशी मूठभर पूड बादलीभर पाण्यात मिसळून ते पाणी अंगावर घ्यावे. फरशी निसरडी होते, तेव्हा मुलाला एकटे सोडू नका.

कोणताही नवा पदार्थ, मग तो तेल असो वा लेप, आधी मनगटाच्या आतील बाजूला, जिथे चट्टा नाही तिथे, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा लावा आणि सात दिवस पाहा. लाली, खाज वा पुळी आली नाही, तरच चट्ट्याजवळ जा. एका वेळी एकच पदार्थ आणि दोन नव्या पदार्थांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवा, नाहीतर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे कधीच कळणार नाही. रक्त वा पाणी येणाऱ्या, चिरलेल्या त्वचेवर कोणताही घरगुती लेप लावू नका.

७. आयुर्वेदाचा आधार घेताना

आयुर्वेदात इसबाशी मिळतीजुळती लक्षणे विचर्चिका या नावाने वर्णिलेली आहेत. खाज, सावळ्या रंगाच्या पुळ्या आणि पुष्कळ स्राव अशी ती आहेत. आम्ही एका अनुभवी वैद्यांकडून दोन गोष्टी घेतल्या, दिनचर्या आणि शतधौत घृत. गाईचे तूप तांब्याच्या परातीत पाणी घालून शंभर वेळा फेटून धुतात. प्रत्येक वेळी पाणी ओतून देऊन नवे घ्यायचे असते. साधारण तिसाव्या वेळेपासून पिवळे तूप पांढरे पडू लागते आणि शेवटी लोण्यासारखे हलके, थंडगार मलम तयार होते. मुलीला त्याचा स्पर्श आवडतो आणि कोरड्या भागावर ते उपयोगी पडते. मात्र घरी करायचे असेल, तर उकळून गार केलेले पाणीच वापरा आणि थोडेच करा, कारण पाण्याचा अंश राहिला की ते लवकर खराब होते.

पोटात घ्यायच्या औषधांबाबत मी कठोर आहे. वैद्य नोंदणीकृत असावेत. औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले असावेत. कागदाच्या पुडीतील नाव नसलेली पूड घेऊ नये. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. एखादे 'शुद्ध हर्बल' मलम दोन-तीन दिवसांतच जादू करू लागले, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्या. विरेचनासारखी (जुलाब करवण्यासारखी) शोधन कर्मे लहान मुलांवर परस्पर करू नयेत. आणि चट्टे वाढत असताना 'रोग बाहेर पडतो आहे, वाढू द्या' असे कोणी सांगितले, तर थांबू नका. आम्ही थांबलो आणि तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या चट्ट्यांत पू झाला.

संध्याफुलाच्या (इव्हनिंग प्रिमरोझ) बियांच्या तेलाच्या कॅप्सूलही इसबावर सुचवल्या जातात. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ सालच्या आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर त्यांचा औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. ते पैसे मलमावर खर्च करा.

८. आहार

वांगे, आंबट, अंडी, मासे, दूध, शेंगदाणे हे सर्व एकाच वेळी बंद करण्याचा सल्ला तुम्हाला निश्चित मिळेल. आम्ही तो पाळला आणि पाच महिन्यांत मुलीचे वजन जागच्या जागी थांबले. काही मुलांना अन्नाची ॲलर्जी असते, हे खरे आहे. मात्र ती बहुधा खाल्ल्यानंतर थोड्या वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा उलटी होणे अशी ओळखू येते. तसे दिसले तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि तेवढाच पदार्थ, त्यांच्या देखरेखीखाली बंद करा.

९. घर, कपडे आणि ऋतू

अंगाला लागणारे कपडे सुती आणि सैल असावेत. लोकरीचा स्वेटर थेट कातडीवर घालू नये, आत सुती सदरा असावा. कपडे एकदा जास्त पाण्यातून खळबळून काढावेत, म्हणजे पावडरचा अंश उरत नाही. गादी-उशांत धुळीतील सूक्ष्म किडे असतात. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत आणि गोधड्या कडक उन्हात घालाव्यात.

नाशिकच्या थंडीत मलम दिवसातून तीन वेळा लागते, तर मे महिन्यात रत्नागिरीत तेच घट्ट मलम घामोळे उठवते. तिथे आम्ही पातळ लोशनवर येतो आणि घाम आला की अंग साध्या पाण्याने टिपून काढतो. भांडी घासणाऱ्यांच्या हातांचा इसब हा वेगळाच विषय आहे. मला स्वतःला तो झाला होता. आत सुती आणि वर रबरी असे दुहेरी हातमोजे आणि भांडी झाल्यावर लगेच मलम, याने तो तीन महिन्यांत आटोक्यात आला.

१०. खाज आणि झोप

'खाजवू नकोस' हे सांगणे निरुपयोगी आहे, कारण खाजवणे मुलाच्या हातात नसते. त्याऐवजी हाताला दुसरे काम द्या. खाज सुटली की दोन्ही मुठी घट्ट आवळून मनात तीसपर्यंत मोजायचे आणि तरीही खाज राहिली तर तिथे तळवा नुसता दाबून धरायचा. हे मुलीला पाचव्या वर्षी जमू लागले. नखे दर तीन दिवसांनी कापा आणि कड कानशीने गुळगुळीत करा. फ्रिजमध्ये ठेवलेला ओला सुती रुमाल दहा मिनिटे चट्ट्यावर ठेवल्याने रात्रीची लाट ओसरते. झोपताना दीर्घ श्वासाची पाच मिनिटे आम्ही आजही पाळतो. त्याने इसब बरा होत नाही, पण ताणामुळे खाज आणि खाजेमुळे ताण हे चक्र सैल पडते.

११. नोंदवही ठेवा

नॉटिंगहॅम विद्यापीठात २००४ साली तयार झालेली सात प्रश्नांची पद्धत यासाठी सोपी आहे. दर रविवारी स्वतःला विचारा, की गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज आली, झोपमोड झाली, रक्त आले, पाणी आले, त्वचा चिरली, कोंड्यासारखी निघाली आणि कोरडी-खरखरीत वाटली. एकही दिवस नसेल तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३ आणि रोज असेल तर ४ गुण द्या. बेरीज २८ पर्यंत जाते. ० ते २ म्हणजे जवळजवळ स्वच्छ, ३ ते ७ सौम्य, ८ ते १६ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. आमची पहिली नोंद २३ होती, गेल्या रविवारची ४. गुणांशेजारी त्या आठवड्यात सुरू केलेली वा बंद केलेली प्रत्येक गोष्ट लिहा. ऑलिव्ह तेलाचा दोष आम्हाला या वहीनेच दाखवला.

१२. घरगुती उपाय थांबवून तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे

चट्ट्यांवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, पू झाला किंवा भोवतालची त्वचा गरम व दुखरी झाली, तर तो जंतुसंसर्ग आहे. त्याच दिवशी दाखवा. चट्ट्यांवर एकसारखे, मध्ये खोलगट असे बारीक फोड अचानक पसरले, ते खाजण्यापेक्षा दुखू लागले आणि सोबत ताप असेल, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, म्हणजे हर्पिसचा, संसर्ग असू शकतो. तो डोळ्यापर्यंत गेला तर दृष्टीला धोका असतो. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका, चट्ट्यांवरील स्टिरॉइड मलम स्वतःहून पुढे लावत राहू नका आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन 'मुलाला इसब आहे आणि त्यावर नवे दुखरे फोड आले आहेत' हे वाक्य जसेच्या तसे सांगा. घरात कोणाच्या ओठावर तापाचा फोड आला असेल, तर तो पूर्ण सुकेपर्यंत त्या व्यक्तीने बाळाचा मुका घेऊ नये.